सामासिक अंतर

अर्जाच्या सातव्या रकान्यात लिहायचं असतं
अडचणीचं स्वरूप.
जागा दोन ओळींची. पुढे हवं तर जोडपत्र.

लोक काय काय लिहितात.
गाडी आत वळत नाही.
मुलाचं लग्न ठरलंय, खोली हवी.
वास्तुवाल्यानं संडास इकडेच सांगितलाय.
एकानं नुसतं लिहिलं होतं, आपणास माहीत आहेच.

साहेब नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतात,
शिथिलता मागणाऱ्याची अडचण वाचायची नाही,
भूखंडाची वाचायची.
जमीन तिरकी आहे का, निमुळती आहे का,
मधून नाला जातो का.
माणूस तिरका असला तर
त्याला नियम नाही.

शामरावनगर, गुंठेवारीतला प्लॉट.
अर्जदार आण्णासो पायगोंडा खोत, राहणार वरचा मजला.
बाजूला दीड मीटर सोडलेलं,
त्यातले नव्वद सेंटिमीटर बाहेरच्या जिन्याला मिळावेत ही विनंती.
कारण : वर जाताना
भावाच्या बैठकीतून जावे लागते.

मी टेप घेऊन गेले तेव्हा ऊन मरणाचं
आणि दुसरं टोक धरायला शिपाई आलेला नव्हता.
खालच्या घरातून त्याची भावजय आली, न सांगता.
पदर खोचला, आणि टेपची कडी
कोपऱ्यातल्या दगडावर अशी दाबून धरली
की मापात सूतभर फरक पडू नये.
माप कशाचं, तिनं विचारलं नाही.
भिंतीवर पुराची मळकट रेघ, खिडकीच्याही वर.
त्या सहा दिवसांत दोन्ही घरं वरच होती म्हणे,
एका स्टोव्हवर.
तेही रकान्यात बसत नाही.

सुनावणीला शेजारच्या मुजावरबाई आल्या, लेखी हरकत घेऊन :
जिन्यावरनं आमच्या सैपाकघरातलं सगळं दिसतंय.
साहेब म्हणाले, जाळी लावायला सांगू. त्या बसल्या.
मग मागच्या बाकावरून
नोटीस न गेलेला एक माणूस उठला.
बाबासो. खालचा भाऊ.

"माझीबी हरकत हाय."
कोणत्या नियमाखाली?
"ते तुमी बघा.
अकरा वर्सं बोलत न्हाई त्यो. न्हाई तर न्हाई.
पर दिवसातनं चारदा माझ्या म्होरनं जातोय.
सकाळचा खोकला आयकू येतोय.
पायरीवर थांबला की कळतंय, आज गुडघा धरलाय.
जिना भाईरनं झाल्यावर
मला कसं कळायचं?"

आण्णासो खिडकीबाहेर बघत होता.
बाहेर नुसतं स्कूटरींचं पार्किंग.

इतिवृत्तात आलं :
हरकतदार हे बाधित व्यक्तीच्या व्याख्येत येत नाहीत.

एक गोष्ट मला मोजतानाच सापडली होती.
प्लॉट मागे निमुळता आहे,
पुढच्यापेक्षा चाळीस सेंटिमीटरनं, गटाराकडे सरकलेला.
म्हणजे अडचण जमिनीची. नियमातली.
अर्जात कुणी लिहिली नव्हती,
फक्त माझ्या वहीत होती, पेन्सिलीनं.
रबर ड्रॉवरमध्येच असतं.
दोन दिवस फाइल टेबलावर पडून.
तिसऱ्या दिवशी जे मोजलं ते शाईनं लिहिलं.

मंजूर. रुंदी पंच्याहत्तर, वर छप्पर नको, जाळी आवश्यक.

परवा त्या बाजूला गेले होते, दुसऱ्याच कामाला.
जिना झालाय. लोखंडी, निळा.
पायरीपायरीवर मिरच्या वाळत घातलेल्या,
थेट वरच्या दारापर्यंत.
पाय ठेवायला जागा नाही.
खालच्या बैठकीचं दार उघडं होतं.

रुंदी पंच्याहत्तरपेक्षा जरा जास्त वाटली.
पूर्णत्वाचा दाखला मागायला येतील
तेव्हा मोजेन.